अहवालात नसलेला रंग

जमनेनं पाटी झाकली. झालं ते एवढंच. बोईसरच्या मच्छीबाजारात सकाळचे सव्वाआठ वाजले होते, कमलाकांत तिच्यापासून चार पावलांवर होता, खिशातली कापडी पिशवी निम्मी बाहेर आली होती, आणि जमनेनं शेजारचा ओला गोणपाट उचलून बोंबलांच्या पाटीवर टाकला. घाईनं नाही, रागानंही नाही, माशी बसू नये म्हणून टाकतात तसा. जमना त्याची चुलत बहीण. गेली तेरा वर्षं तो तिच्याकडूनच मासे घेत होता आणि ती दर वेळी वर चार मांदेल्या टाकून 'वैनीला सांग, जमनेनं दिल्या' असं म्हणत होती. आज ती शेजारणीशी कुणाच्या तरी बाळंतपणाबद्दल बोलत राहिली.

"बोंबील हायेत ना गं?" त्यानं विचारलं. बाजारात आला की त्याची भाषा आपोआप खाडीकाठची व्हायची. फॅक्टरीच्या गेटात शिरली की तिला पुन्हा इस्त्री व्हायची.

"हायेत," जमना म्हणाली. "पन तुला चालायचं नाय, दादा. तुला रंग पारखून लागतो. आमचं मावरं आपलं नुसतं पांढरं."

शेजारीण हसली. कमलाकांतही हसला, कारण दोन माणसं हसत असताना तिसऱ्यानं काय करायचं असतं हे त्याला कधीच कळलेलं नव्हतं.

"तसं नाय गं, जमने—"

"मंग कसं? इंग्लिशमदी सांग. आमाला कळणार नाय, पन कानाला बरं वाटंल."

त्यानं पिशवी पुन्हा खिशात कोंबली आणि कंपनीच्या बसच्या थांब्याकडे चालू लागला. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीच. पण लाजेच्याही आधी त्याच्या डोक्यात एक शब्द येऊन बसला होता. ओल्या गोणपाटाचा रंग. करडा म्हणावा तर त्यात माती होती, मातकट म्हणावा तर खाली करडा होता. पार्दो. पोर्तुगिजांकडे त्याला एका शब्दाची जागा होती, इंग्रजीत दोन शब्द लावून भागवावं लागे, आणि बहिणीनं तोंडावर पाटी झाकली त्या क्षणी आपण हा हिशोब करत होतो, हे त्याच्या लक्षात आलं. माणसाच्या घराला आग लागावी आणि त्यानं ज्वाळेच्या छटा मोजत बसावं, तसलाच हा प्रकार. हा रोग होता. त्याला औषध नव्हतं, पगार मात्र होता.

बसमध्ये नागोराव शेजारी येऊन बसला. नागोराव परभणीकडचा, कंपनीच्या लॅबोरेटरीत रंग जुळवायचं काम करी आणि सरावलीला कमलाकांतच्या मागच्याच चाळीत राही. कापडाची पट्टी उत्तरेच्या खिडकीशी धरून तो डोळे बारीक करी आणि 'पिवळा गुंजभर जास्त झालाय' असं म्हणे, आणि तो गुंजभरच जास्त झालेला असे. "साहेब, आज पिशवी रिकामीच दिसायलीय," तो म्हणाला. कमलाकांतनं खिडकीबाहेर बघितलं. कुंभवलीच्या वळणावर बस नाल्याच्या कडेनं जायची. हा नाला कारखान्यांमागून निघून खाडीला मिळे, आणि ती खाडी त्याच्या गावाला वळसा घालून समुद्रात जाई. म्हणजे तो जिथं नोकरी करी तिथलं पाणी तो जिथं जन्मला तिथं रोज जात होतं, तो मात्र महिन्यातून एकदा. आज नाला काळपट होता. काल नव्हता. बसमधल्या कुणीतरी मागून म्हटलं, "आज काला माल निकला है," आणि दुसरा म्हणाला, "कल तेरे शर्ट का माल था," आणि सगळे हसले. नाल्याकडे बघून आत कोणती बॅच चालू आहे ते ओळखायचा हा बसमधला रोजचा खेळ होता. कमलाकांत त्यात बोलत नसे, पण मनातल्या मनात नेहमी जिंकत असे.

त्याची ही जीत दमणच्या शाळेत सुरू झाली होती. आई, गोदूबाई, दमणची. घरात भावंडं जास्त आणि होडी एक, म्हणून सहाव्या वर्षी त्याला मामाकडे नानी दमणला ठेवला, आणि मामानं त्याला पोर्तुगिजांच्या शाळेत घातला, कारण ती घराला जवळ होती. शिक्षणाची दिशा ठरायला एवढं कारण पुरतं. तिथं दोना एर्मेलिंदा नावाची बाई होती. काळा झगा, जाड घोटे, आणि टेबलावर दोन वस्तू: भरतकामाच्या दोऱ्यांची एक पत्र्याची पेटी आणि पाल्मातोरिया, म्हणजे तळहातावर मारायची भोकं पाडलेली लाकडी चकती. बाई पेटीतून एक दोरा काढून मुलाच्या पसरलेल्या तळहातावर ठेवायची. मुलानं रंग सांगायचा. चुकला की दोरा उचलायची आणि त्याच तळहातावर चकती. बामणांची आणि किरिस्तावांची पोरं घरी ते शब्द ऐकलेली असत; याच्या घरी समुद्र होता आणि समुद्राला त्याचा बाप 'आज ताकासारखा हाय' किंवा 'आज घाण झालाय' याउपर काही म्हणत नसे. पहिल्या दिवशी त्याच्या हातावर दोरा आला आणि तो 'लाल' म्हणाला. पोर्तुगिजात म्हणाला, पण लालच म्हणाला. चकतीच्या भोकांनी तळहातावर पाच गोल उठले. बाई म्हणाली, हा डाळिंबाच्या दाण्याचा आहे, ग्रेना. दुसरा दोरा. पुन्हा लाल. पुन्हा पाच गोल. हा भिजलेल्या विटेचा. हा पाणी घातलेल्या वाइनचा. हा ईस्टरआधीच्या उपासात देवळातल्या मूर्ती झाकतात त्या कापडाचा, रोशू. बाईचं म्हणणं असं, की लाल हा रंगच नव्हे, तो आळशी माणसांचा शब्द आहे. देवानं एवढ्या छटा केल्या आणि कोळ्याच्या पोरानं त्यांना एका दावणीला बांधावं हे पाप. दोन वर्षांत तो वर्गात पहिला आला. तेव्हापासून तोंडात ढोबळ शब्द आला की त्याचा उजवा तळहात आधी खाजायला लागे आणि मग शब्द गिळला जाई. एकसष्टच्या डिसेंबरात दीड दिवसात पोर्तुगीज गेले. दमण स्वतंत्र झालं, मामानं पेढे वाटले, आणि कमलाकांतचं अकरा वर्षांचं शिक्षण एकदम परदेशी झालं.

पुढं पालघरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी. ए. होईपर्यंत आणि त्याहीनंतर कोणी त्याला पोर्तुगीज विचारलं नाही. चौऱ्याहत्तर साली तारापूरच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणारी ही कंपनी निघाली, तिला पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका गिरणीचं पत्र आलं, आणि एक्स्पोर्ट मॅनेजर दिनानाथ सरपोतदार 'हे वाचणारा कोणी आहे का' म्हणून गावोगाव विचारू लागले. कमलाकांतला वाटलं, आपला जन्म या पत्रासाठी होता. गिरणीवाल्यांना आकडे आवडत नसत. ते रंगाची मागणी अशी लिहीत, की जणू नातलगाची प्रकृती कळवत आहेत. पहिल्याच वर्षी एक शब्दप्रयोग आला: पळून जाणाऱ्या गाढवाचा रंग. म्हणजे धड सांगता येत नाही असला मळका काहीतरी. त्यानं ते इंग्रजीत इमानानं उतरवलं. दिनानाथांनी चष्मा काढला.

"कुठलं गाढव?" त्यांनी विचारलं.

"कुठलंही, साहेब. फक्त पळत असलेलं."

"आणि उभं असेल तर?"

"मग तो दुसरा रंग, साहेब."

दिनानाथांनी शेड-कार्डांचा गठ्ठा त्याच्यासमोर टाकला. "कमलाकांत, आपल्याकडे ब्राउन नऊ आहेत, ग्रे सात आहेत. तुमचं गाढव यातल्या कशात बसतं ते सांगा. इंग्रजी एक शब्द आणि पुढे आकडा." तेव्हापासून तो हेच करत होता. सकाळी पत्रातला एखादा रंग, सुकत घातलेल्या बोंबलाच्या दुसऱ्या दिवशीच्या पोटासारखा, त्याला लख्ख दिसे. दुपारपर्यंत त्याचा ग्रे चार होई. रोज तो दोन-तीन रंग असे पुरून टाकी आणि संध्याकाळी हात धुऊन बसमध्ये बसे. मंगला, त्याची बायको, म्हणे, "पगार वेळेवर होतो ना? मग ते ग्रे का असेना." ती चुकीचं बोलत नव्हती. ती बरोबर बोलते हेच त्याला सहन होत नसे.

मग गेल्या मार्चमध्ये सेन्योर आबिलियू आला. गिरणीचा म्हातारा रंगारी, पासष्टीचा, नखं कायमची निळी झालेली, इंग्रजीचा एक शब्द न येणारा. माल का फिका येतो ते बघायला त्याला पाठवलं होतं. चार दिवस कमलाकांत त्याच्या तोंडाची जीभ होऊन फिरला. त्या चार दिवसांइतका सुखात तो आयुष्यात कधी नव्हता, हे त्यानं मंगलालाही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं फॅक्टरीत तास घालवला आणि मग विचारलं, धुतलेलं पाणी जातं कुठं? त्याला नाल्यावर नेलं, तिथून चालत चालत तो खाडीपर्यंत, थेट गावाच्या वाडीपर्यंत गेला. तिथं मेलेली बोयी मासळी उताणी तरंगत होती, होड्यांच्या पोटाला पाण्याची रेघ उमटली होती, आणि काठावर पुंडलिक, कमलाकांतच्या बहिणीचा नवरा, मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी, कमरेवर हात देऊन उभा होता. म्हातारा दगडावर बसला आणि वही काढून लिहू लागला. सकाळी बसला, दुपारी बसला, उन्हं कलल्यावर बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक वेळी पाण्याचा रंग, वेळ घालून. "तुमी पिंपात भरून आमाला पाठवता तो उरलेला माल," तो कमलाकांतला म्हणाला, म्हणजे पोर्तुगिजात म्हणाला, पण आठवणीत ते कमलाकांतला नेहमी वाडीच्या भाषेतच ऐकू येई, "चांगला रंग तुमी खाडीला देता." मग त्यानं एक वेळचं पाणी ओंजळीत घेतलं, दोघांनी त्यात एकदम बघितलं, आणि दोघं एकदमच म्हणाले: रोशू, पण धुतलेला. म्हातारा हसला.  पंचवीस वर्षांनी कोणीतरी त्याच्या तळहातावर दोरा ठेवला होता आणि त्याचं उत्तर बरोबर आलं होतं. शेजारी बोयी मेलेल्या होत्या, पण त्या क्षणी, खरं सांगायचं तर, त्याला त्या दिसल्या नाहीत.

मे महिन्यात गावानं तक्रार केली: कंपन्यांच्या नाल्यानं खाडीचं पाणी लाल झालं, मासळी मेली, जाळी कुजली. तक्रार पोचून सरकारी माणूस पाण्याचा नमुना घ्यायला आला तो ऑगस्टात. तेव्हा अख्खं आभाळ खाडीत ओतलेलं होतं आणि पाणी पाण्यासारखंच निघालं. मार्चमध्ये पाणी कसं होतं, याला पुरावा एकच: परदेशी माणसानं बसून लिहिलेला आणि जाताना कंपनीला दिलेला कागद. पुंडलिकनंच ते चौकशीत सांगितलं, आणि चौकशी अधिकाऱ्यानं कंपनीला आदेश दिला, की त्या गृहस्थाचा अहवाल मूळ आणि इंग्रजी भाषांतरासह सादर करा. त्या संध्याकाळी पुंडलिक सरावलीला आला. चार पायऱ्या चढून आला तेव्हा नवरदेवासारखा खूश होता.

"कमल्या, देवानं सोय केली बग," तो म्हणाला. "कागद त्या गोऱ्याचा, आन वाचनार आपला मानूस. आमी वकील पन नाय दिला. म्हटलं, कशाला? घरचा हाय."

"भावजी, कंपनीचा नोकर हाय मी."

"मंग? मी काय खोटं लिव म्हनतो का? जे हाय तेच लिव. आमाला आनखी कायबी नको. साठ घरं हायेत, कमल्या. नाला बंद नाय झाला तर दिवाळीनंतर अर्धी पोरं इथंच कंपनीत डरम उचलाया येतील." मग चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "तुज्या शिक्षनाचा गावाला कदी उपेग नाय झाला. आता व्हतोय."

दुसऱ्या दिवशी दिनानाथांनी बोलावलं. ते ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नसत. "म्हाताऱ्यानं फार काव्य केलंय असं ऐकतो," ते म्हणाले. "तुम्ही आपलं नेहमीसारखं करा. 'स्लाइटली टिंटेड' हा चांगला शब्द आहे. सगळ्याला बसतो. आणि तुमची मंगलाताईंसाठी क्वार्टरची खटपट चाललीय ना? ती माझ्या लक्षात आहे."

रविवारी दुपारी तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर टाइपरायटर ठेवून बसला. मंगला दाराशी बसून तांदूळ निवडत होती. त्यानं पहिल्या नोंदीला 'स्लाइटली' एवढं टाइप केलं आणि कागद ओढून काढला. पुंडलिकचे साठ उंबरे त्याला दिसत होते हे खरं. बाप दिसत होता, 'पाणी घाण झालाय' म्हणणारा. पण या सगळ्यांच्या मागं दगडावर बसलेला म्हातारा होता आणि त्याची ओंजळ होती. तेरा वर्षं आपण रंग मारत आलो, निदान या नोंदींतले पाच तरी जिवंत पलीकडे पोचवायचे, असं त्यानं ठरवलं. नोकरी गेली तर गेली. आयुष्यात हा एवढाच एक शूर विचार त्याला सुचला आणि तो त्यानं लगेच अमलात आणला. सकाळी सातचं पाणी: वाइनमध्ये पाणी घालून ती रात्रभर उघडी ठेवली तर जसं दिसतं. साडेदहाचं: भिजलेल्या विटेचं, पण जुन्या विटेचं. दुपारचं: डाळिंबाचा दाणा, वाळायला लागलेला. चारचं: उपासाच्या दिवसांतल्या देवळातल्या कापडाचं, बरेचदा धुतलेलं. सहाचं: बघणारा हलला की हलणारं, दोन रंगांच्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या रेशमासारखं. एकेका ओळीला त्याला तासतास लागला. एकदा, 'डाळिंबा'पाशी, त्याच्या मनात आलं, कंसात नुसतं 'रेड' असं टाकावं का? तळहात खाजला. शब्द खोटा नव्हता, पण ढोबळ होता, आणि म्हाताऱ्यानं तो लिहिलेला नव्हता. त्यानं तो टाकला नाही. संध्याकाळी त्यानं मंगलाला सगळं वाचून दाखवलं. "छान आहे," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं, हे त्यानं विचारलं नाही. भीतीचं होतं.

सोमवारी दिनानाथांनी ते उभ्यानंच वाचलं. वाचताना त्यांची मान आखडली. मग ते खुर्चीत बसले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि कंपनीच्या वकिलाला फोन लावून पाचही नोंदी सावकाश वाचून दाखवल्या. पलीकडून काहीतरी प्रश्न आला. "नाही," दिनानाथ म्हणाले, "कुठंच नाही. मी दोनदा बघितलं." फोन ठेवून त्यांनी कमलाकांतकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, एक प्रकारचा आदर होता. "जसंच्या तसं पाठवा," ते म्हणाले. "स्वल्पविरामसुद्धा हलवू नका." कमलाकांतला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणसानं बत्तीस दात घट्ट दाबून मार खायची तयारी करावी आणि मार येऊ नये, की त्याला वाटतं, आपण जिंकलो. तो हवेत चालत खाली आला आणि नागोरावला त्यानं चहा पाजला.

चौकशी पालघरला एका कचेरीच्या मागच्या खोलीत झाली. पुंडलिक पांढरी टोपी घालून आला होता, मागं वाडीतली दहा-बारा माणसं, आणि कमलाकांत आत शिरला तेव्हा त्यांनी सरकून त्याला आपल्यात जागा केली. चौकशी अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याला सर्दी झाली होती. त्यानं भाषांतर मोठ्यानं वाचलं, प्रत्येक नोंदीनंतर नाक पुसलं आणि शेवटी विचारलं, "फार सुंदर आहे. पण याचा अर्थ काय घ्यायचा?"

कंपनीचा वकील उठला. तो जेमतेम दोन मिनिटं बोलला. तक्रारीत म्हटलंय, पाणी लाल होतं. अर्जदारांनीच मागितलेल्या या अहवालात, एका तज्ज्ञानं दोन दिवस बसून केलेल्या पाच नोंदी आहेत आणि पाचही वेगळ्या आहेत. त्यातली एक तर बघणारा हलला की बदलते. लाल हा शब्द एकाही ठिकाणी नाही.

"भाषांतर तुम्ही केलंत?" अधिकाऱ्यानं कमलाकांतला विचारलं. "मुळात लाल हा शब्द आहे का?"

"नाही, साहेब. पण हे सगळे... म्हणजे हे सगळे त्याच कुळातले रंग आहेत."

"म्हणजे लाल?"

खोलीत पंखा फिरत होता. पुंडलिक पुढं वाकला होता. हो, एवढंच म्हणायचं होतं. ओठ उघडलेही, आणि कमलाकांतला दिसली ती चारची ओंजळ, धुतलेला रोशू, ज्याला लाल म्हणणं म्हणजे पाच गोल. "काटेकोर सांगायचं तर," तो म्हणाला, आणि इथंच सगळं संपलं, हे त्याला आपलंच वाक्य ऐकताना कळलं, "काटेकोर सांगायचं तर, चार वाजता तो जांभळ्याकडे झुकतो."

"झुकतो," अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. "निश्चित रंग सिद्ध होत नाही."

 बाहेर वडाखाली पुंडलिकनं टोपी काढून तिची घडी केली आणि खिशात ठेवली. पंधरा दिवसांनी कंपनीनं कमलाकांतला उत्तरेच्या खिडकीजवळ टेबल दिलं, हात असलेली खुर्ची दिली, आणि क्वार्टरच्या यादीत त्याचं नाव वर सरकलं. यातलं त्यानं काही मागितलं नव्हतं, पण हे गावाला कोणत्या भाषेत सांगायचं? खुर्चीची बातमी खाडीपर्यंत पोचायला तीन दिवस लागले. महिन्याच्या फेरीला तो घरी गेला तेव्हा गोदूबाई अंगणात रिकाम्या वलांडीखाली बसली होती, बोंबील टांगायच्या त्या बांबूंवर आता धुणं वाळत होतं. तिनं त्याला पाणी दिलं, खुर्ची कशी आहे ते विचारलं, पाठ टेकते का ते विचारलं. मग ती खाडीकडे वळली.

"लाल लिवायला किती येळ लागतो रे?" ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं; तिला लिहिता येत नव्हतं.

कुंभवलीचं वळण मागं पडलं. बस थांबली, गेट आलं, वॉचमननं 'राम राम' केला, आणि कमलाकांत त्या खुर्चीत जाऊन बसला, जमनेचा गोणपाट अजून डोळ्यांसमोर ठेवून. टेबलावर पोर्तुगालचं पाकीट होतं. सेन्योर आबिलियूचं अक्षर. म्हातारा लिहीत होता, की पुढच्या हिवाळ्यात गिरणीला बायकांच्या शालींसाठी एक नवा रंग हवा आहे. तो बरेच दिवस शोधतो आहे, आणि आता त्याला कळलंय, की तो रंग आपण दोघांनी पाहिला होता, चार वाजता, ओंजळीत. माझा मित्र तो ओळखेल. आणि खाली: माशांचं पुढं काय झालं?

त्यानं पत्र इंग्रजीत उतरवलं. माशांची ओळही उतरवली. दिनानाथांनी ते वाचलं, माशांच्या ओळीवरून त्यांची नजर घरंगळून पुढं गेली, आणि ते खूश झाले. मोठी ऑर्डर होती. त्यांनी नागोरावला हाक मारली. "जुळवता येईल?"

"जुळवायचं काय त्यात, साहेब," नागोराव म्हणाला. "आपल्याच चार आणि सहा नंबरच्या टाकीची धुवण एकत्र झाली की तसा होतो बघा. आजबी चार वाजता येईलच. बादलीभर घेऊन येतो."

तो खरोखर गेला, आणि साडेचारला काचेची बाटली घेऊन आला. ती खिडकीत ठेवली. उन्हात तोच रंग उभा होता, कणभर इकडं नाही की तिकडं नाही. तासाभरात नागोरावनं लोकरीची पट्टी रंगवून आणली, बाटलीशेजारी धरली, डोळे बारीक केले आणि काही बोलला नाही. म्हणजे जुळला होता. चौकशीत जो रंग सिद्ध होत नव्हता तो एका दुपारीत सिद्ध झाला. दिनानाथांनी कोरं शेड-कार्ड काढलं, ओली पट्टी त्यावर चिकटवली, खाली नवा नंबर टाकला आणि पेन कमलाकांतच्या हातात दिलं.

"नाव तुम्हीच लिहा. तुमचाच रंग आहे तो. एक शब्द."

कमलाकांतनं पेन घेतलं. तळहात खाजू लागला, मनगटापर्यंत खाजला. त्यानं लिहिलं: रेड.

दिनानाथ वाकून बघत होते. "रेड?" ते हसले. "अहो, तुम्ही? हा कुठल्या अंगानं रेड आहे? नागोराव, रेड आहे का हा?"

"न्हाई, साहेब," नागोराव खाली बघत म्हणाला. "रेड न्हाई म्हणता येणार."

"लाल आहे," कमलाकांत म्हणाला. आवाज आपला वाटला नाही. "साहेब, हा लाल आहे. लालच होता."

"दमलात तुम्ही," दिनानाथ मायेनं म्हणाले. त्यांनी पेन परत घेतलं, शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: फेडेड वाइन. थोडा विचार करून पुढं कंसात 'पर्पलिश' टाकलं. "आता बघा. आता बरोबर झालं."

कमलाकांतचा उजवा हात कधी पुढं झाला होता, तळवा वर, बोटं ताणलेली, ते त्याला कळलं नव्हतं. दिनानाथांना वाटलं, तो कार्ड मागतो आहे. त्यांनी ते त्याच्या तळहातावर ठेवलं.

"सांभाळून," ते म्हणाले. "ओलं आहे अजून. हाताला लागेल."